दुबळ्याची बाजू आणि दुबळ्यावरची पैज

दोन संघ खेळताहेत आणि दोन्ही आपले नाहीत. अशा वेळी आपण कोणाच्या बाजूने बसतो? बहुतेक वेळा हरायला आलेल्याच्या. का, ते कोणी शिकवलेलं नसतं. गावच्या मैदानावर पाहुणा संघ तगडा असला आणि यजमान पोरं अनवाणी असली की पंचसुद्धा मनातल्या मनात पोरांच्या बाजूला झुकतो. माणसाच्या स्वभावातली ही एक चांगली गोष्ट आहे असं मी मानतो. जगात बलवानाच्या मागे जाणारे पुष्कळ असतात. खेळाच्या मैदानावर तरी दुबळ्याला चार टाळ्या मिळतात.

पण त्या टाळ्यांच्या जागी पैसे आले की काय होतं? त्या दुबळ्याचं त्यात भलं होतं का? आज याच प्रश्नावर लिहायचं आहे, आणि उदाहरण घेणार आहे ते आपल्याकडे फारसं कोणी बघत नाही अशा खेळाचं. बेसबॉलचं.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडे रात्री जेवणं झाली की टीव्हीवर बेसबॉल आणि हातात फोन, असा त्याचा बेत. मध्ये एकदा फोनवर म्हणाला, "मामा, हे क्रिकेट नव्हे. इथे शेवटच्या नंबरचा संघसुद्धा तीन दिवसांत एकदा जिंकतो. आणि त्याच्यावर लावले की शंभराचे दीडशे, कधी दोनशे वर मिळतात. दुबळ्यावर लावण्यात खरा फायदा आहे." चोरून वगैरे चाललेलं नाही बरं का. १९९२ च्या एका कायद्यामुळे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांना खेळांवरचा सट्टा अधिकृत करता येत नव्हता. न्यू जर्सीनेच त्याविरुद्ध झगडा दिला आणि १४ मे २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आता बहुतेक राज्यांत ही पैज कायदेशीर आहे. आपण फोनवर विजेचं बिल भरतो तितक्या सहज तिकडे पैज लागते.

भाच्याचं पहिलं विधान खरं आहे. बेसबॉल हा दुबळ्यांना आशा देणारा खेळ आहे. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ३० संघ, आणि प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. आपल्या आयपीएलमध्ये साखळीत एका संघाला १४ सामने मिळतात, त्यावरून कल्पना करा. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज सामना. एवढे सामने खेळून उत्तम संघ साधारण १०० जिंकतो आणि वाईट संघ साधारण ६०. म्हणजे उत्तम संघ शंभरातले ३८ सामने हरतो आणि वाईट संघ शंभरातले ३७ जिंकतो! २००१ साली सिअ‍ॅटलच्या संघाने ११६ सामने जिंकून १६२ सामन्यांच्या हंगामातला विक्रम केला. तरी ते ४६ वेळा हरलेच.

असं का होतं? एक कारण म्हणजे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. सुरुवातीचा पिचर एकदा खेळला की साधारण चार दिवस विश्रांती घेतो. त्यामुळे बलाढ्य संघाचा पाचव्या क्रमांकाचा पिचर आणि दुबळ्या संघाचा पहिल्या क्रमांकाचा पिचर असा सामना वरचेवर होतो. त्या दिवसापुरता कोण बलवान, कोण दुबळा, हे ठरवणं कठीण. दुसरं कारण म्हणजे गोल दांडक्याने गोल चेंडू मारायचा. दहा वेळा उभा राहून तीनदा यशस्वी होणारा फलंदाज तिथे उत्तम समजला जातो. जिथे उत्तम माणूससुद्धा दहातून सातदा चुकतो, तिथे दैवाला भरपूर जागा राहते.

आता दुसरं विधान. दुबळ्यावर लावण्यात फायदा आहे. इथे जरा कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. सरकारी कचेरीत वीस-बावीस वर्षं जमाखर्चाचे रकाने भरल्यावर ती सवय सुटत नाही.

समजा, एका सामन्यात दुबळ्या संघाचा भाव आहे अधिक १५०. म्हणजे १०० लावले आणि तो जिंकला तर वर १५० मिळतात. त्याच सामन्यात बलवान संघाचा भाव आहे उणे १७०. म्हणजे १०० मिळवायचे तर १७० लावावे लागतात. पहिल्या भावात पैसे फिटायचे तर दुबळा शंभरातून ४० वेळा जिंकला पाहिजे. दुसऱ्या भावात पैसे फिटायचे तर बलवान शंभरातून जवळजवळ ६३ वेळा जिंकला पाहिजे. ४० आणि ६३ मिळून १०३. पण सामने तर शंभरच! हे वरचे तीन कुठून आले? ती पैज घेणाऱ्या कंपनीची दलाली. पावतीवर ती वेगळी छापलेली नसते. भावातच मुरवलेली असते, वाण्याच्या तराजूत पारड्याखाली चिकटवलेल्या मेणासारखी.

त्या १०३ तले तीन काढून हिशोब सरळ केला तर दुबळ्याच्या जिंकण्याची खरी शक्यता ३९ टक्क्यांच्या आसपास येते. आता अशा हजार सामन्यांत दर वेळी १०० लावले असं धरा. ३८९ जिंकले, मिळाले ५८,३५०. ६११ हरले, गेले ६१,१००. तूट २,७५०. लाखभराच्या उलाढालीत पावणेतीन हजार म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण ही तूट दैवाची नाही. दैव सरळ वागलं तरी एवढे जाणारच, आणि दैव वाकडं झालं तर किती, ते ज्याचं त्याने बघावं. जो दीडपट भाव 'फायदा' म्हणून दिसतो, तो हरण्याची शक्यता मोजूनच लावलेला असतो. दुबळा आहे हे तुम्हाला कळतं, तसं ते भाव लावणाऱ्यालाही कळतं. तुमच्या आधी कळतं.

तुम्ही म्हणाल, लोक नामांकित संघांच्या मागे धावतात, मग दुबळ्याचा भाव थोडा जास्त चांगला मिळत असेल. ही शंका बरोबर आहे, आणि ती दोन अभ्यासकांनाही आली होती. वूडलंड आणि वूडलंड या दोघांनी १९९४ साली बेसबॉलच्या सट्टाबाजारावर निबंध प्रसिद्ध केला. घोड्यांच्या शर्यतीत लोक बिनकामाच्या घोड्यावर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात. बेसबॉलमध्ये त्यांना उलट दिसलं. लोक बलवान संघावरच जरा जास्त लावतात आणि दुबळा थोडा स्वस्त मिळतो. पण त्यांनीच पुढे हेही दाखवलं की दलाली वजा केल्यावर त्या स्वस्ताईतून नफा काही निघत नाही. तो फरक मुळात होता का आणि किती, यावर पुढे वादही झाला. म्हणजे सगळ्यात अनुकूल पुरावा घेतला तरी हातात काय? कमी तोटा.

आणि हा झाला शांत डोक्याने, रोज सारखी रक्कम लावणाऱ्याचा हिशोब. असा माणूस कुठे सापडतो? दुबळ्यावर पैसे लावणाऱ्याचं डोकं असं चालतं: "काल हरले, परवा हरले, आज तरी जिंकतीलच." २०२४ सालचा शिकागोचा व्हाइट सॉक्स संघ घ्या. त्या हंगामात ते १२१ सामने हरले; आधुनिक काळात एवढे सामने एका हंगामात कोणीही हरलेलं नव्हतं. त्यातच जुलै-ऑगस्टमध्ये ते ओळीने २१ सामने हरले. ६ ऑगस्टला ओकलंडविरुद्ध ५-१ असे जिंकले तेव्हा ती माळ तुटली.

समजा, एका भोळ्या माणसाने पहिल्या दिवशी त्यांच्यावर १०० रुपये लावले. भाव रोज शंभराला दोनशे धरू. हरला की दुसऱ्या दिवशी दीडपट लावायचे, म्हणजे जिंकल्यावर मागचं सगळं वसूल होऊन वर २०० रुपये सुटतात. कागदावर बिनचूक योजना. १००, १५०, २२५... एकविसाव्या दिवसापर्यंत त्याचे गेलेले असतात जवळजवळ १० लाख रुपये. बावीसाव्या दिवशी लावायला हवेत आणखी ५ लाख. तेवढे असतील आणि त्याने लावले तर संघ जिंकतो आणि हाती येतात नफ्याचे ते २०० रुपये. पंधरा लाख पणाला लावून दोनशे! आणि विसाव्या दिवशी घरातलं मंगळसूत्र संपलं असेल तर ते दोनशेही नाहीत. चेंडूला कालचं आठवत नसतं. आठवतं ते फक्त आपल्याला.

खेळ आतून कळणाऱ्याला तरी यश येत असेल? पिट्सबर्गचा तुकुपिता मार्कानो हा स्वतः मेजर लीगचा खेळाडू. दुखापतीमुळे बाहेर असताना तो बेसबॉलवर, अगदी आपल्या संघाच्या सामन्यांवरही, पैसे लावत होता. जून २०२४ मध्ये त्याच्यावर तहहयात बंदी आली. लीगने जाहीर केलेल्या माहितीनुसार मेजर लीगच्या सामन्यांवरच्या त्याच्या पैजांपैकी जेमतेम ४.३ टक्के लागल्या होत्या. ज्याच्या घरात विहीर त्याच्याच घड्यात पाणी नाही, तिथे बाहेरच्याने काय आशा धरायची?

पण इथपर्यंतचं सगळं खिशाचं झालं. "माझे पैसे, मी घालवीन, तुमचं काय जातं?" असं कोणी म्हटलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल. माझं उत्तर असं की तुमचे पैसे जातात ते जाऊ देत, पण त्या दुबळ्याचंही काही जातं. त्यासाठी १९१९ मध्ये जावं लागेल.

त्या वर्षी अंतिम मालिका होती ती याच शिकागो व्हाइट सॉक्सची, सिनसिनाटीच्या रेड्स संघाशी. तेव्हा शिकागो म्हणजे दबदबा. सगळे धरून चालले होते की तेच जिंकणार. नऊ सामन्यांची मालिका, पाच जिंकेल तो विजेता. पण मालिका सुरू होण्याआधीच दुबळ्या सिनसिनाटीवर एवढा पैसा येऊ लागला की भाव फिरले. १ ऑक्टोबरला पहिल्या सामन्यात शिकागोचा एडी सिकॉट याने समोर आलेल्या पहिल्याच फलंदाजाच्या पाठीत चेंडू मारला. ती खूण होती. सौदा पक्का, आम्ही हरणार! सिनसिनाटी ९-१ असे जिंकले आणि शेवटी मालिका ५-३ अशी.

१९२० मध्ये हे प्रकरण बाहेर आलं. ऑगस्ट १९२१ मध्ये न्यायालयात खटला चाललेले खेळाडू निर्दोष सुटले आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. ती बंदी त्यांच्या मृत्यूनंतरही टिकली. मे २०२५ मध्ये लीगने मृत व्यक्तींवरची बंदी संपते असं ठरवलं तेव्हा त्यांची नावं यादीतून निघाली. या आठ जणांवर पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले. हळहळणारे पुष्कळ भेटतात.

मला हळहळ वाटते ती सिनसिनाटीची. त्या हंगामात त्यांनी ९६ सामने जिंकले होते आणि ४४ हरले होते. शिकागोचे आकडे होते ८८ आणि ५२. म्हणजे ज्यांना सगळे दुबळे म्हणत होते त्यांची कामगिरी वर्षभर जास्त चांगली होती! कदाचित ते सरळ खेळूनही जिंकले असते. त्यांचा एड राऊश हा मोठा खेळाडू म्हातारपणापर्यंत सांगत राहिला की आम्ही तरीही जिंकलोच असतो. पण ऐकणार कोण? शंभर वर्षं उलटली तरी त्यांच्या विजयापुढे प्रश्नचिन्ह आहेच. दुबळा म्हणून ज्यांच्यावर पैसे लागले, त्यांचा विजयच त्या पैशांनी खाल्ला. घरफोडी झाली शेजाऱ्याकडे आणि आळ आला यांच्या अंगणात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. एप्रिल २००० मध्ये हॅन्सी क्रोनिएचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा आपण काय केलं? मागचे सामने आठवून आठवून संशय घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस एखादा लहान संघ मोठ्याला हरवायचा आणि हॉटेलात चहा पिणारा पहिला माणूस म्हणायचा, "फिक्स आसतलो!" लहान संघाने घाम गाळून मिळवलेला विजय एका शब्दात बाद. मी याला सट्ट्याचं सगळ्यात मोठं पाप म्हणतो. सट्टा चमत्कारावरचा विश्वास मारतो, आणि दुबळ्याजवळ चमत्काराशिवाय असतं काय?

आता तर सामना हरायचीही गरज उरलेली नाही. पुढचा चेंडू किती वेगाने येईल यावरही तिकडे पैज लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलंडच्या दोन पिचरांवर आरोपपत्र दाखल झालं, की ठरवून चेंडू टाकून त्यांनी सट्टेबाजांना फायदा करून दिला. दोघांनीही आरोप नाकारले. त्यानंतर लीगने आणि पैज घेणाऱ्या कंपन्यांनी एकेका चेंडूवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घातली. आणि मे २०२५ मध्ये ह्यूस्टनचा पिचर लान्स मॅककलर्स एका सामन्यात वाईट खेळला, तर त्याला मुलाबाळांना मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा धमकी देणारा निघाला परदेशातला एक पैज हरलेला माणूस. वाईट दिवस प्रत्येक खेळाडूला येतो. त्या दिवशी त्याला बाजूने उभं राहणारा माणूस हवा असतो. पैसे लावलेला माणूस बाजूने उभा नसतो, वसुलीला उभा असतो.

आम्हा गोवेकरांना अमेरिकेला नाक मुरडण्याचा अधिकार नाही, हेही सांगून टाकतो. आपल्याकडे गावोगाव रुजलेल्या मटक्याचं मूळ मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर लागणाऱ्या आकड्यात होतं. म्हणजे देवघेव जुनीच. मांडवीत कॅसिनोची जहाजं आहेत. गोमंतकीयांना तिथे जुगार खेळायला २०२० पासून मनाई आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही केला. कायदे हवेतच. पण जहाजावर चढायला फळी लागते आणि तिथे ओळखपत्र विचारणारा कोणीतरी उभा असतो. फोनला फळी नाही. तिथे राखणदार आपला आपणच.

तरीही कोणी विचारील, कधीतरी दुबळा जिंकतो आणि लावणारा लखपती होतो, त्याचं काय? होतो ना. न्यूयॉर्कचा मेट्स संघ १९६२ मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी १२० सामने हरला. पुढची काही वर्षं शेवटचा नाही तर शेवटून दुसरा. १९६९ च्या सुरुवातीला त्यांच्या अजिंक्यपदाचा भाव शंभराला एक होता असं सांगतात. त्या वर्षी त्यांनी १०० सामने जिंकले आणि अंतिम मालिकेत १०९ सामने जिंकून आलेल्या बाल्टिमोरला ४-१ असं हरवलं. ज्याने त्यांच्यावर पैसे लावले त्याचं भलं झालं असेल. पण त्याची गोष्ट आपल्यापर्यंत येते, कारण ती एकच आहे. दर वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी संघावर शंभराला एक या भावाने लावणाऱ्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

मला त्या संघाची वेगळीच गोष्ट मोठी वाटते. १२० सामने हरले त्या १९६२ सालीही मेट्सचे सामने बघायला नऊ लाखांवर लोक आले होते. तिकीट काढून, हरणार हे माहीत असून! त्यांना भाव मिळत नव्हता, वर दीडपट मिळत नव्हतं. पराभव बघून ते घरी जायचे आणि पुन्हा यायचे. सात वर्षांनी विजय आला तेव्हा तो पूर्णपणे त्यांचा होता. त्यावर कोणाची दलाली नव्हती.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, "बाबा, तुला दुबळा संघ आवडतो ना? मग त्याच्या मैदानावर जा, तिकीट काढ, घसा बसेपर्यंत ओरड. हरले तर तिकिटाचे पैसे गेले, पण चार तास तरी त्यांच्या सोबत होतास." तो हसला. ऐकेल की नाही, ते त्याचं त्याला ठाऊक. मला मात्र वाटतं, दुबळ्याची बाजू घ्यायची असेल तर फुकट घ्यावी. भाव विचारून घेतलेली बाजू ही बाजू नसते, खरेदी असते.